काळ्या तेलाचा हिशेब : मुंबई महापालिकेच्या आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : शहरातलं वापरलेलं तळणीचं तेल बायोडिझेलकडे वळवण्याबाबत

सन्माननीय आयुक्त,
सप्रेम नमस्कार.

बायोडिझेलचा, म्हणजे तेलापासून केलेल्या डिझेलसारख्या इंधनाचा, विषय निघाला की आपल्याकडे सगळे शेताकडे बोट दाखवतात. करंज लावा, मोगली एरंड (जट्रोफा) लावा, सरकीच्या तेलाचा गाळ घ्या, तांदळाचा कोंडा घ्या, आंब्याच्या कोयी घ्या. शेतीतलं वाया जाणारं तेल इंधनाला लावा, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील आणि परकीय चलनही वाचेल, असा सगळा सूर. मी नोकरीची वर्षं खाद्यतेल शुद्धीकरणाच्या आणि साबणाच्या कारखान्यांत रसायनज्ञ म्हणून काढली. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगतो, शेतीतलं बहुतेक ‘वाया जाणारं’ तेल वाया जातच नाही. कुणाच्याही पोटात जाता कामा नये असं तेल मात्र आपल्याच हद्दीत आहे. दहिसर-मुलुंडपासून कुलाब्यापर्यंतच्या कढयांमध्ये ते रोज तापतं. म्हणून हे पत्र कृषी खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

शेताचा मुद्दा आधी संपवतो, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट वाटेल.

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचा मोठा कार्यक्रम सुचवला. डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण करायचं आणि त्यासाठी देशभर सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर लागवड करायची, असा तो बेत होता. पडीक जमिनीत येतं, पाणी कमी लागतं, गुरं तोंड लावत नाहीत, असं या झाडाचं कौतुक चाललं होतं. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरंच आहे. पण जगणं वेगळं आणि बिया देणं वेगळं. चांगलं उत्पन्न हवं तर त्यालाही खत-पाणी लागतं, आणि खत-पाणी असलेल्या शेतात शेतकरी मोगली एरंड कशाला लावेल? २००९ च्या धोरणात २० टक्क्यांची मुदत २०१७ वर गेली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात उद्दिष्टच ५ टक्क्यांवर आलं आणि मुदत २०३० झाली. प्रत्यक्षातलं मिश्रण अजून एक टक्क्याच्याही आत घुटमळतं आहे.

लागवड नको, मग तेलगिरण्यांचा गाळ घ्या, असं पुढचं म्हणणं येतं. या गाळाला धंद्यात सोपस्टॉक म्हणतात. अकोला, जळगावकडचं सरकीचं तेल असो की लातूरचं सोयाबीनचं, कच्च्या तेलातली मोकळी आम्लं (तेल फुटून सुटी झालेली फॅटी ॲसिड) काढायला कॉस्टिक सोडा घालतात, तेव्हा तळाशी हा साबणासारखा गोळा बसतो. त्यात गंधकाम्ल घातलं की ॲसिड ऑइल सुटतं. काळपट, उग्र वासाचं. सरकीचं तर विचारू नका. पण ते कुणी फेकत नाही. साबणवाले आणि फॅटी ॲसिडचे कारखाने ते रोखीने उचलतात, मी स्वतः वर्षानुवर्षं उचललं आहे. उद्या बायोडिझेलवाल्यांनी चढा भाव देऊन ते ओढलं, तर साबणवाला कारखाना बंद करून घरी बसणार नाही. तो पामचा माल मागवेल, जो बाहेरून येतो. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेतलं सुमारे ६० टक्के तेल आधीच आयात होतं, त्यात आणखी भर. एका टाकीतलं दुसऱ्या टाकीत ओतायचं आणि त्याला हरित इंधन म्हणायचं, एवढंच त्यातून साधेल.

भंडारा-गोंदियाकडच्या कोंड्याचंही तसंच. कोंड्यात तेल चांगलं असतं, पण भात भरडून तांदूळ पांढरा केल्यावर काही तासांतच त्यातलं लायपेज नावाचं विकर तेल फोडायला लागतं. कोंडा वेळेत गिरणीत पोचला तर खाण्याचं तेल, उशीर झाला तर औद्योगिक. आणि त्या औद्योगिक तेलालाही गिऱ्हाईक असतं. कोकणातल्या आमरसाच्या कारखान्यांमागे कोयींचे ढीग पडतात. कोयीतल्या गरात थोडी चरबी असते खरी, पण ती कोको बटरच्या जातकुळीची आहे. मिठाई आणि सौंदर्यप्रसाधनांत तिला जो भाव येईल, तो डिझेलच्या टाकीत कधीच येणार नाही. काजूच्या टरफलांचं तेल तर मुळात स्निग्ध तेल नाहीच. ते फिनॉलच्या कुळातलं. ब्रेक लायनिंग आणि रेझिनच्या कामाचं. त्यातून नेहमीच्या रीतीने बायोडिझेल होत नाही. तरी दरवर्षी कुणीतरी वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांचं नाव घेऊन ती कल्पना पुन्हा मांडतोच.

करंजाबद्दल मला आपुलकी आहे. रस्त्याकडेला, खाडीकाठी ते आपलं आपण वाढतं. पण बिया वेचायला माणसं लागतात आणि वेचणीची मजुरी धरली की गणित बसत नाही.

आता कढईकडे येतो.

वापरलेल्या तळणीच्या तेलापासून बायोडिझेल करण्यात रसायनशास्त्राचं गूढ काही उरलेलं नाही. तेल गाळायचं, त्यातलं पाणी उडवायचं, मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालून साठ अंशांच्या आसपास ढवळायचं. तेलाचा रेणू ग्लिसरीनपासून सुटतो आणि मिथाइल एस्टर तयार होतं, तेच बायोडिझेल. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं आणि साधारण १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन हाती येतं. अडचण एकच, मोकळ्या आम्लांची. ती एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की कॉस्टिकचा साबण होतो आणि सगळं मिश्रण फेसाळतं. मग आधी गंधकाम्लाची एक फेरी करावी लागते. बटाटेवड्याच्या कढईत ही आम्लं वाढतातच. पिठातलं पाणी तापलेल्या तेलात वाफ होताना तेलाला फोडतं, आणि तळाशी जळणारा बेसनाचा चुरा उरलेलं काम करतो. तरीही ॲसिड ऑइलच्या तुलनेत कढईतलं तेल हाताळायला किती तरी सोपं. ज्याला सोपस्टॉक सांभाळता येतो त्याला हे हसत-हसत जमेल.

मुंबईच्या बाजूने एक योगायोगही आहे. आपल्या गाड्यांवर आणि फरसाणाच्या भट्ट्यांवर मुख्यतः पामोलिन चालतं. पामचं बायोडिझेल थंडीत ढगाळतं, पंधरा अंशांच्या आसपास त्यात मेणासारखे कण दिसू लागतात. दिल्लीत जानेवारीत गाडीची गाळणी तुंबेल. मुंबईला तेवढी थंडी वर्षाकाठी किती पहाटे पडते, ते आपण जाणताच.

कायदाही आहे. तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून बिघडलं की वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे नेण्याची ‘रुको’ मोहीम सुरू झाली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लावणाऱ्यांनी १ मार्च २०१९ पासून नोंदवही ठेवायची आणि काळं तेल अधिकृत संस्थेलाच द्यायचं, असाही आदेश निघाला. १० ऑगस्ट २०१९ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलाचं बायोडिझेल विकत घेण्यासाठी प्रस्ताव मागवले. पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर ठरला.

मग अडलं कुठं? दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणं आपल्या हाताच्या अंतरावर आहेत.

पहिलं अडलं भावात. ताजं पामोलिन किलोला शंभराच्या पुढे आहे, डिझेल नव्वदीच्या घरात. जोवर खाण्याचं तेल जाळण्याच्या तेलापेक्षा महाग आहे, तोवर काळ्या तेलाला इंधनवाल्यापेक्षा जास्त पैसे देणारा कुणीतरी निघणारच. मोठ्या हॉटेलांतलं काही तेल दलालाकडे जातं, दलालाकडून स्वस्तात छोट्या गाडीवर किंवा धाब्यावर. हे मी नव्याने सांगत नाही, एफएसएसएआयने ‘रुको’ सुरू करताना हीच भीती बोलून दाखवली होती. त्यात एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. काळेपणा काढणं अजिबात अवघड नाही. शुद्धीकरणात आम्ही जी ब्लीचिंगची माती वापरायचो, तीतून हे तेल काढलं तर रंग उतरतो, बऱ्यापैकी सोनेरी दिसतं. ध्रुवीय घटक मात्र बरेचसे तेलातच राहतात. म्हणजे डोळ्यांनी पाहून तेल ओळखणारा निरीक्षक सहज फसेल. नुसता चांगला भाव देऊन हे तेल आपल्याकडे येणार नाही. कुठल्या स्वयंपाकघरात किती ताजं तेल आलं आणि किती काळं बाहेर पडलं, या दोन आकड्यांचा मेळ कुणीतरी बसवायला हवा.

दुसरं अडलं त्या ५० लिटरच्या रेषेवर. पंचतारांकित हॉटेलं आणि बर्गरच्या साखळ्या रेषेच्या वर आहेत, त्यांच्याकडे नोंदवह्या आहेत, त्यांचं तेल उचलायला कंपन्या दारात येतात. पण मुंबई तळते ती रेषेच्या खाली. स्टेशनाबाहेरची वडापावची गाडी, भजीवाला, समोशाची छोटी भट्टी, घरून फराळ विकणाऱ्या बाया. लालबागच्या चिवडा गल्लीत दिवाळीआधी जी तळणी चालते, तिचा अंदाज वासावरून परळपर्यंत येतो. या सगळ्यांना मिळून ‘किरकोळ’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं, हे मुंबईपुरतं तरी उलटं आहे.

इथे एक खोच आहे, आणि ती समजून न घेता काढलेली प्रत्येक योजना फसेल. छोट्या गाडीवर ‘उरलेलं तेल’ असं काही नसतंच. तेल कमी झालं की तो वरून भर घालतो. संध्याकाळी गाळ काढतो, तेल झाकतो, सकाळी पुन्हा त्यातच. जुनं तेल बाहेर पडतं ते वड्यातून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटातून. त्याला तुम्ही सांगाल, बाबा, हे तेल दे, आम्ही त्याचं इंधन करतो. तो म्हणेल, साहेब, मग मी तळू कशात? कढईतलं तेल बाहेर काढणं म्हणजे त्याच्या दृष्टीने तेवढ्याच ताज्या तेलाचा खर्च. दिवसाच्या कमाईत तो बसत नाही. जनजागृतीच्या फलकाने हा खर्च भरून निघत नाही, फलक कितीही रंगीत असला तरी.

म्हणून माझी पहिली सूचना अदलाबदलीची आहे. दहा लिटर काळं तेल द्या आणि ताज्या डब्यावर ठरलेली सूट घ्या. ही व्यवस्था उभी करायला नवीन ताफा लागत नाही. गाडीवर तेल येतं पंधरा किलोच्या डब्यात, घाऊक व्यापाऱ्याच्या टेम्पोतून, आणि रिकामा डबा भंगारात विकला जातो. त्याच टेम्पोतून काळं तेल परत जाऊ शकतं, फक्त ताज्या डब्यांपासून वेगळ्या, झाकणबंद, निराळ्या रंगाच्या पिंपात. घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत एका बाजूला दिलेले डबे आणि दुसऱ्या बाजूला परत आलेलं तेल असेल, तर शहराचा हिशेब आपोआप तयार होतो. सुटीचा खर्च काही अंशी तेल विकत घेणारा कारखाना सोसेल. उरलेला महापालिकेने आरोग्याच्या खर्चातून सोसावा असं माझं म्हणणं आहे. हृदयविकाराचे आणि पोटाचे रुग्ण पालिकेच्याच केईएम, नायर, सायनच्या बाह्यरुग्ण विभागांतच येतात, तेव्हा हा खर्च दुसऱ्या कुणाच्या खात्यावर ढकलता येणार नाही.

दुसरी सूचना जरा रसायनज्ञाची आहे. तेल उचलतानाच, विक्रेत्याच्या समोर, त्यात थोडं तयार बायोडिझेल ओतावं. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घालायचे, त्यामागचा विचार तोच. रंग इथे उपयोगाचा नाही, तो ब्लीचिंगच्या मातीत उतरेल. पण मिथाइल एस्टर मिसळलेलं तेल कढईत घातलं तर ते तळणीच्या तापमानाला धूर करेल, वास मारेल आणि प्रयोगशाळेत लगेच सापडेल. पुढे बायोडिझेलच करायचं असल्याने कारखान्याचं त्यात काही बिघडत नाही. किती टक्के घालावं, हे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला विचारा. १९३३ पासून ती संस्था या शहरात आहे आणि तेलांचा स्वतंत्र विभाग तिथे आहे. आपल्या कार्यालयापासून टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर देशातली जाणकार मंडळी बसलेली असताना निविदा काढून बाहेरचा सल्लागार नेमू नये, एवढी विनंती. वाहतूक कोंडी असेल तर दीड तास धरा.

तिसरी गोष्ट माणसांची. हे काम परवाना विभागाकडे किंवा अतिक्रमण निर्मूलनाकडे कृपा करून देऊ नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी या शहरातले कितीतरी गाडीवाले अजून कागदोपत्री अधिकृत नाहीत. पालिकेची गाडी वळणावर दिसली की पहिली कढई पळते, मग माणूस. ज्याच्याकडे परवानाच नाही त्याच्याकडे तेलाची नोंदवही मागायची, तर तो उद्यापासून दुसऱ्या कोपऱ्यावर उभा राहील आणि तेल पुन्हा वड्यातून पोटातच जाईल. गोळा करणारा माणूस दंड करणारा नसावा. वस्त्यांमध्ये बचत गट आहेत, त्यांतले बरेच स्वतः फराळाचा धंदा करतात. त्यांना तेलाची पत हाताने कळते, भाव कळतो, आणि गाडीवाला त्यांना घाबरत नाही. ध्रुवीय घटक मोजणारा मीटर त्यांच्या हाती द्या. गरम तेलात बुडवला की आकडा दाखवतो, चालवायला पदवी लागत नाही. २५ च्या वर गेलं की उचला आणि सूट द्या. दंड अन्न व औषध प्रशासनाला करू द्या, आणि तोही आधी दलालांना.

गृहनिर्माण सोसायट्यांचं फार सांगत नाही. दिवाळीनंतरचं तेल मोरीत ओततात, ते पाइपात गोठतं आणि मग मॅनहोल उघडायला माणूस बोलवावा लागतो. सुक्या कचऱ्याबरोबर महिन्यातून एकदा बाटलीत उचललं तरी पुरे.

आता जे करू नये ते. ‘प्रत्येक विभागात एक छोटा बायोडिझेल प्रकल्प’ असा प्रस्ताव आपल्या टेबलावर लवकरच येईल, आला नसेल तर. उद्घाटनाला छान, फीत कापायला सोपा. पण त्यात मिथेनॉलचे पिंप शहरात येतात. मिथेनॉल खोलीच्या तापमानालाही नुसत्या ठिणगीने पेट घेतं, त्याची ज्योत उजेडात धड दिसत नाही, आणि वासाला ते दारूसारखं असतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. चौकीदार नसलेल्या शेडमध्ये असा पिंप ठेवण्याची जोखीम मुंबईने पुन्हा घेऊ नये. शिवाय बायोडिझेल धुतल्यावर जे साबणाळ पाणी निघतं, ते अशा छोट्या शेडमधून सरळ नाल्यात जाणार हे सांगायला तज्ज्ञ नको. शहराने तेल गोळा करावं, मोजावं, साठवावं. रासायनिक काम तळोजा-पाताळगंगेकडच्या औद्योगिक वसाहतींत व्हावं, जिथे सांडपाण्याची व्यवस्था आहे आणि तयार माल आयएस १५६०७ या मानकाला उतरवणारी प्रयोगशाळा आहे. मानकाचा आग्रह सोडू नका. महामार्गांवर बायोडिझेलचा फलक लावून भलतंच औद्योगिक तेल विकणाऱ्या पंपांवर मागे धाडी पडल्या, आणि त्या बदनामीचा भुर्दंड खरा माल करणाऱ्यांना बसला.

तयार झालेलं इंधन जाळायचं कुठे? मोठ्या ग्राहकांना उत्पादकाकडून थेट बायोडिझेल घेण्याची मुभा २०१५ पासून आहे, तेव्हा महापालिका स्वतः गिऱ्हाईक होऊ शकते. पण तिथेही पहिला विचार बहुधा रुग्णालयांच्या जनरेटरचा येईल, कारण बातमी चांगली होते. तो टाळा. जनरेटर महिनोन् महिने नुसता उभा असतो. बायोडिझेल साठवणीत हवेने बिघडतं, साध्या डिझेलपेक्षा ओलावा जास्त धरतं, आणि आपल्या जुलै महिन्यातल्या हवेत टाकीच्या तळाशी पाणी आणि त्यावर बुरशी जमायला वेळ लागत नाही. नेमका वीज गेल्यावर जनरेटर खोकला तर? पावसाळ्यात सखल भागात बसवतात त्या डिझेल पंपांचंही तेच. चार दिवस धो धो, मग पंधरा दिवस गप्प. योग्य जागा आहे ती रोज टाकी रिकामी करणाऱ्या वाहनांची. कचऱ्याच्या ज्या मोठ्या गाड्या अजून डिझेलवर देवनार-कांजूरच्या खेपा घालतात, त्या घ्या. आयएस १४६० या डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत मिश्रण बसतंच, तिथून सुरुवात करा. सुरुवातीला गाळण्या लवकर बदलाव्या लागतील, कारण बायोडिझेल टाकीतला जुना साका सोडवतं. चालक तक्रार करतील, दोन-तीन गाळण्यांनंतर थांबतील. धूर आणि काजळी कमी होते, नायट्रोजनची ऑक्साइड किंचित वाढू शकतात. हे दुसरं वाक्य कंत्राटदार सांगणार नाही म्हणून मी सांगून ठेवतो.

आणखी एक गिऱ्हाईक दारात उभं आहे, विमानांचं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के हरित इंधन मिसळायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे, आणि ते इंधन करण्याचा एक सरळ मार्ग वापरलेल्या तेलातूनच जातो. म्हणजे काळ्या तेलाचा भाव वर जाणार. माझ्या वर सांगितलेल्या पहिल्या अडचणीला यातून थोडा उतार पडेल, पण मग उलटी लबाडी सुरू होईल. वापरलेलं तेल ताज्यापेक्षा महाग झालं की लोक ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून विकतात. युरोपात आशियातून आलेल्या मालाबद्दल ही शंका घेऊन चौकशीच्या मागण्या झाल्याच आहेत. भाव खाली असला तर काळं तेल पोटात जातं, वर गेला तर ताजं तेल काळ्याच्या नावाने टाकीत जातं. दोन्ही वेळा पकड एकच, ती घाऊक व्यापाऱ्याची वही. ज्या गल्लीत महिन्याला शंभर डबे गेले, तिथून दीडशे डबे ‘वापरलेलं’ तेल परत येत असेल, तर कुठल्याही यंत्राशिवाय चोरी पकडता येते.

मागणी मोठी नाही. एक विभाग निवडा. माझं सुचवणं एफ दक्षिण, कारण लालबाग त्यातच येतं आणि तिथे मोठे फरसाणवाले, छोट्या गाड्या आणि घरगुती फराळ हे तिन्ही प्रकार चालत-चालत पाहता येतात. पुढच्या दिवाळीच्या तीन महिने आधी तिथल्या घाऊक तेलविक्रेत्यांना आणि बचत गटांना एका बैठकीला बोलवा. सुटीचा दर ठरवा, मीटर घ्या, पिंपं ठेवा. आणि दर महिन्याला विभाग कार्यालयाच्या फलकावर तीन आकडे लावा: किती ताजं तेल आलं, किती काळं गोळा झालं, ते कुठल्या कारखान्याला कोणत्या दराने गेलं. दर उघड असला की दलालाची अर्धी दुकानदारी तिथेच संपते. पहिल्या दोन महिन्यांत आकडे लाजिरवाणे येतील, गोळा झालेलं तेल एखाद्या पिंपात मावेल. ते तसेच लावा, लपवू नका. सूट अपुरी पडली की तेल यायचं थांबतं, आणि ते पहिल्यांदा याच फलकावर दिसेल.

बैठकीला मला बोलावलंत तर येईन. मानधन नको. चहाबरोबर भजी ठेवणार असाल तर तेल आधी मोजून घेईन.

आपला,
परळचा एक निवृत्त तेल-रसायनज्ञ

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य